क्वालिटीतला माणूस

मावळात दोन वाणं जोमात येतात. एक इंद्रायणी भात आणि दुसरा क्वालिटीतला माणूस. इंद्रायणी वडगावच्या भात संशोधन केंद्रात जन्मली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून, आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. क्वालिटीतल्या माणसाची अशी नोंद कुठल्या केंद्रात नाही. पण आयएसओ ९००१ हे मानकही १९८७ सालचंच, तेव्हा दोघं एकाच हंगामातले धरायला हरकत नाही.

सकाळी कान्हे फाट्यावर तळेगाव, टाकवे, चाकणच्या कंपन्यांच्या बसची वाट बघणाऱ्या घोळक्यात हा माणूस चटकन ओळखू येतो. प्रॉडक्शनवाला बस येतेय का बघत असतो, स्टोअरवाला मोबाइल बघत असतो. क्वालिटीवाला समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत असतो आणि ती डावीकडे किती कललीय याचा मनात हिशोब करत असतो. बाजारात एका वांग्यात अळी निघाली की तो ते वांगं बाजूला काढत नाही, सगळा ढीग नाकारतो. भाजीवाली म्हणते, ‘‘दादा, दुसरं घ्या की.’’ हा म्हणतो, ‘‘प्रश्न वांग्याचा नाही मावशी, लॉटचा आहे.’’ लग्नाच्या पंगतीत त्याला जिलबी वाढा, आधी वेटोळी मोजेल. घरात दूध उतू गेलं तर गॅस बंद करण्याआधी ‘का’ असं विचारेल, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तराला पुन्हा ‘का’. पाचव्या ‘का’पर्यंत ओट्यावर दुधाची साय धरलेली असते.

आमच्या शेजारचे साहेब या वाणाचं शुद्ध बियाणं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात तपासणीच्या टेबलाशी गेली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांची साखर तपासली आणि ती टॉलरन्सच्या बाहेर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. साहेबांनी त्यावर विचार केला. चालणं या प्रक्रियेत रस्ता, कुत्री आणि मावळातला पाऊस ही तीन चलं कुणाच्याच ताब्यात नाहीत. ज्या प्रक्रियेवर ताबा नाही, तिचा निकाल कसा मान्य करायचा? त्यापेक्षा घरातच जीम करू. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली होती. तीत इंद्रायणीची दोन पोती, एक बिघडलेलं शिलाई यंत्र आणि मुलीची दहावीची पुस्तकं राहत होती. त्यांना बाहेर काढण्यात आलं.

इथे दुसरा कुणी असता तर त्यानं सतरंजी अंथरली असती. साहेब म्हणाले, ‘‘आधी बेस पक्का पाहिजे.’’ आणि फोमच्या लाद्यांचा विषय सुरू झाला.

या लाद्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. बालवाडीत रंगीबेरंगी, कडांना दाते असलेल्या, एकीच्या खाचेत दुसरीचा दाता बसवून जमिनीवर पसरलेल्या. त्याच मोठ्या माणसांसाठी काळ्या रंगात मिळतात. साहित्य बहुतेक ईव्हीए, म्हणजे चपलेच्या मऊ तळव्याचं असतं तेच. साहेबांना त्यांची रचनाच आवडली. ‘‘पोका-योके आहे हे,’’ ते म्हणाले. ‘‘चुकीची बसवताच येत नाही.’’ हे वाक्य त्यांना पुढे फार जड गेलं.

त्यांनी निरनिराळ्या उत्पादकांचे नमुने मागवले. कान्ह्यात कुरियरवाला घरापर्यंत येतोच असं नाही. तो फाट्यावरून फोन करतो आणि साहेब स्कूटरवर जाऊन लादी मांडीवर धरून आणतात. सगळे नमुने आले आणि एकाचाही दाता दुसऱ्याच्या खाचेत बसेना. प्रत्येक उत्पादकाची डाय निराळी, दात्यांची संख्या निराळी, गोलाई निराळी. साहेब हताश होऊन म्हणाले, ‘‘नटबोल्टला जगभर एक मानक आहे आणि ह्यांना नाही?’’ मी म्हटलं, ‘‘मग एकाच कंपनीच्या घ्या ना सगळ्या.’’ ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी तपासणीशिवाय माल गाडीत भरायला सांगितला होता.

मग जाडी. कॅटलॉगमध्ये २० मिलिमीटर. साहेबांनी व्हर्निअर लावला. हलका धरला तर साडेएकोणीस, जरा दाबला तर अठरा, नीट दाबला तर सोळा. लोखंड मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसापुढे पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती, जी मापणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे माप देत होती. दुसरा खचला असता. साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. अशा वेळी मापातला दोष वस्तूचा की मापणाऱ्याचा हे शोधायची एक रीत कारखान्यात असते. तिला गेज आर अँड आर म्हणतात. ३ माणसं, १० तुकडे, प्रत्येकानं प्रत्येक तुकडा ३ वेळा मोजायचा, एकूण ९० नोंदी. तीन माणसं म्हणजे साहेब, वहिनी आणि मुलगी. एक अख्खा रविवार त्यात गेला. मुलीच्या नोंदी रागाच्या चढउताराप्रमाणे बदलत होत्या. साहेबांच्या स्वतःच्या नोंदीही विखुरलेल्या निघाल्या, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. सगळ्यात जुळत्या नोंदी वहिनींच्या आल्या. वहिनींनी जन्मात कधी व्हर्निअर धरला नव्हता, पण पोळी कुठे जाड राहिली हे त्यांची बोटं वीस वर्षं सांगत आली आहेत. साहेबांनी तक्ता दोनदा तपासला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या निकालाची घरात पुन्हा वाच्यता झाली नाही.

त्यांच्या अभ्यासाला मात्र नावं ठेवता येणार नाहीत. जाडी म्हणजे दणकटपणा हा दुकानदारांनी पसरवलेला समज, असली गोष्ट घनता, हे त्यांनीच मला समजावलं. फोममध्ये हवेचे बंद बुडबुडे असतात. लादी हलकी तितके बुडबुडे जास्त, आणि जड वस्तू महिनाभर एका जागी ठेवली की ती दबलेली जागा पुन्हा वर येत नाही. योगासनांना, जोर-बैठकांना फोम उत्तम, गुडघे-कोपरांना बरा. पण खांद्यावर वजन घेऊन उभं राहायचं असेल तर पायाखालचं मऊपण घातक, घोटा डुगडुगतो. तिथे रबराच्या लाद्या हव्यात. त्या जुन्या टायरांच्या भुग्यापासून बनतात, जड असतात आणि नव्या असताना खोलीला टायरच्या दुकानासारखा वास येतो. बाकाच्या पायांखाली प्लायचा तुकडा हवा. साहेबांनी हिशोबच मांडला: माणूस ८० किलो, वजन ४० किलो, बाकाचे चार पाय, प्रत्येक पाय ४ बाय ४ सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दोन किलोंचा भार. मुलगी अभ्यासातून मान वर करून म्हणाली, ‘‘बाबा, आपल्याकडे दोन किलोचे डंबेल आहेत. तेही आईनं लोणच्याच्या दादऱ्यावर ठेवलेत.’’

वासाचा मुद्दा निघाला तेव्हा प्रकरण परराष्ट्र खात्यात गेलं. ईव्हीए फोम फुगवताना वापरलेल्या रसायनांतून फॉर्मामाइड नावाचा पदार्थ मागे राहू शकतो आणि त्यामुळे २०१० साली बेल्जियमनं मुलांच्या अशा पझल मॅटवर बंदी घातली होती, हे साहेबांनी रात्री बाराला वाचलं. साडेबाराला घरातले सगळे नमुने गच्चीत गेले. दिवस श्रावणाचे. मावळात श्रावणात गच्चीवर ठेवलेली वस्तू हवेशीर होत नाही, ती पोहते. सकाळी एक लादी खालच्या भातखाचरात सापडली.

खाचर ज्यांचं, ते शेतकरी काका ती लादी काखेत घेऊन आले. चहा झाला. साहेबांनी त्यांना दात्यांची अडचण सांगितली. काका म्हणाले, ‘‘आमचंबी मापच असतंय की.’’ आणि त्यांनी चारसूत्री लावणी समजावली. दोरीवर खुणा करायच्या, एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटर, तशीच चुडं लावायची, आणि चार चुडांच्या लहान चौकोनात मधोमध खताची गोळी खोचायची. साहेबांनी वही काढली. ‘‘आणि एखादं चूड २ सेंटिमीटर इकडेतिकडे गेलं तर?’’ काकांनी कपातला चहा संपवला. ‘‘भाताला काय कळतंय साहेब?’’ साहेबांनी वही मिटली. हा माणूस कुठल्याच कंपनीच्या सप्लायर यादीत बसला नसता.

दरम्यान नमुन्यांनी आपापली सोय लावून घेतली होती. एक लादी वॉशिंग मशीनखाली गेली आणि मशीनचं नाचणं थांबलं. एक ओट्यासमोर आली, त्यावर उभं राहिलं की वहिनींच्या टाचा दुखत नाहीत. एकीवर बसून साहेबांच्या आई तांदूळ निवडतात. एक दाराशी कुत्र्यानं ताब्यात घेतली आणि तिचे दाते एकेक करून खाल्ले. खोली रिकामी होती आणि सगळं घर मऊ झालं होतं. साहेबांनी वहीत लिहिलं: फील्ड ट्रायल, समाधानकारक.

खरा विरोधी पक्ष म्हणजे साहेबांचे वडील. अण्णा आंदर मावळातले, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले. त्यांच्या मते जमीन विकत आणायची असते हीच मुळात शरमेची गोष्ट. तालमीची माती कशी करायची हे ते ऐकणारा सापडला की सांगतात: तांबडी माती चाळायची, तीत तेल, हळद, ताक, लिंबू, काव घालायची, आणि रोज फावड्यानं उकरायची. ‘‘आरं, तिच्यात पडलं तर अंगाला औषध लागतंय. हितं पडलास तर काय लागंल, चप्पल?’’

साहेबांनी खाशाबा जाधव काढले. या विषयावर गादीच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण खाशाबांनाच काढतो. गोळेश्वरचा मातीतला पैलवान १९४८ साली लंडनला गादीवर उतरला तेव्हा सहावा आला, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्याच गादीवर त्यानं कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे गादीचा सराव महत्त्वाचा, असा साहेबांचा निष्कर्ष. अण्णांचा निष्कर्ष उलटा: पैलवान मातीनं घडवला, गादीवर नुसता निकाल लागला. महाराष्ट्र केसरीवाल्यांनी हा वाद मोठ्या शहाणपणानं मिटवला आहे. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांनाच शेवटी एकमेकांशी भिडवायचं. घरात ती सोय नव्हती.

अखेर माल निवडला गेला. २० मिलिमीटर, काळा, ६० बाय ६० सेंटिमीटरचा. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर, बारा फूट म्हणजे ३६६. रुंदीला पाच, लांबीला सहा, तीस लाद्या, दोन बाजूंना पाच-सहा सेंटिमीटरची पट्टी उघडी राहील, ती बॉर्डरनं झाकू. आकडेमोड निर्दोष होती. फक्त उत्पादकानं ते ६० सेंटिमीटर दाते धरून मोजले होते. दाते एकमेकांत शिरल्यावर प्रत्येक लादी दीड सेंटिमीटरनं आखडली आणि भिंतीशी अर्धी वीत शहाबादी फरशी उघडी पडली. साहेबांनी उत्पादकाला पाचकलमी पत्र पाठवलं. उत्तर आलं: आणखी अकरा लाद्या घ्या, कटरनं कापून बसवा. या उत्तरात मूळ कारणाचं विश्लेषण नसल्यामुळे ते अमान्य करण्यात आलं. लाद्या मात्र घ्याव्या लागल्या.

त्या बसल्या आणि दार लागेना. खोलीचं दार आत उघडणारं. खालची फट जेमतेम एक बोटाची आणि दार पावसानं फुगलेलं. ते २० मिलिमीटरच्या लादीला येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. कोणीतरी विचारलंच, एवढं सगळं मोजलं, दार कसं राहिलं? साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘दार ड्रॉइंगमध्ये नव्हतं.’’ सुतारानं दार उतरवलं, खालून तासलं, पुन्हा चढवलं. ओलीचा विचार करून साहेबांनी वहीत एक सूचनाही लिहिली: फोम पाणी पीत नाही, पण खालची ओल कोंडून ठेवतो, सबब पावसाळ्यात दर पंधरवड्याला लाद्या उचलून फरशी पुसावी. उचलण्याची जबाबदारी: वहिनी. वहिनींनी सूचना वाचली आणि तिच्या मागच्या बाजूला किराणा लिहिला.

एका रविवारी आम्हा शेजाऱ्यांना उद्घाटनाला बोलावलं. नारळ फुटला. (बाहेर, कारण पाणी.) दारावर हिरवं ‘ओके’ लेबल होतं. आम्ही सगळे चपला काढून भिंतीशी उभे राहिलो. पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा अण्णांनी धोतराचा काचा मारला आणि मधोमध जाऊन बैठका सुरू केल्या. वय ७४. पाय थरथरत नव्हते. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही?’’

‘‘मी क्वालिटीत आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘प्रॉडक्शन अण्णांकडे.’’

आणि खिशातलं पेन काढून, वही उघडून ते शेजारी उभे राहिले. बाविसाव्या बैठकीला त्यांनी हात वर केला.

‘‘ही धरायची नाही. मांडी जमिनीला समांतर नाही गेली.’’

अण्णांनी घाम पुसला. ‘‘मंग आता?’’

‘‘रिवर्क.’’