अप्पांची जर्मन शाळातपासणी

धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींत हल्ली एक अप्पा हमखास भेटतात. पायात नातवाच्या बापाने घेऊन दिलेले जाड तळव्याचे बूट, कानांवर बाराही महिने माकडटोपी आणि तोंडी दर तिसऱ्या वाक्याला ‘आमच्या श्टुटगार्टला’. अप्पा बहुधा निवृत्त मुख्याध्यापक असतात. नसले तर निवृत्त केंद्रप्रमुख. मुलाने धुळ्यात किंवा बांभोरीला इंजिनिअरिंग केलेलं असतं, मग नाशिक नाहीतर चिंचवड, आणि तिथून थेट मोटारींच्या गावी, बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याच्या राजधानीत. हे श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, ही माहिती अप्पा फुकट देतात. धुळ्याची का नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो.

अप्पा नव्वद दिवसांच्या व्हिसावर जर्मनीला जातात ते नातू पहिलीत बसणार म्हणून. आजी बिबडे, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला घेऊन जातात. अप्पा अनुभव घेऊन जातात. शाळा तपासायची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं, तो आल्प्स बघायला कशाला जाईल?

पहिला धक्का प्रवेशाच्याच दिवशी बसतो. सगळी पोरं आपल्या निम्म्या उंचीचे पुठ्ठ्याचे रंगीत शंकू कवटाळून उभी. त्याला शुल्ट्यूटे म्हणतात. आत गोळ्या, चॉकलेटं, रंगपेट्या, एखादं खेळणं. सॅक्सनी आणि थुरिंगिया भागातली ही दोनेकशे वर्षांची चाल आता देशभर पसरली आहे. सुनेने आठवडाभर रात्री जागून शंकूवर रॉकेट चिकटवलेलं असतं. प्रवेशाच्या वेळी शाळेला द्यावं लागतं, हे अप्पा जाणून होते. पोराला देतात, ही रीत त्यांना नवी होती. समारंभ संपल्यावर त्यांनी मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “आणि फी?” सरकारी शाळा, फी नाही. अप्पांचा चेहरा पडला. फुकट मिळणाऱ्या शाळेत नातू बसला हे धुळ्यात सांगायचं कसं?

दुसरा धक्का वर्गातला. नातू धुळ्यात ज्युनियर आणि सीनियर केजी करून गेलेला. शंभरपर्यंत अंक, बाराखडी, ए टू झेड, दहापर्यंत पाढे, सगळं तयार. इकडे सहा वर्षांची पोरं नुकती कुठे अक्षरं गिरवायला लागलेली, कारण त्याआधीची तीन वर्षं त्यांनी किंडरगार्टनात चिखल, झाडं आणि गाणी यांतच काढलेली. “वाया गयात तीन वरीस,” अप्पा म्हणाले. गंमत अशी की किंडरगार्टन ही कल्पनाच जर्मनीची. फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये तिला हे नाव दिलं ते मुलांनी खेळावं म्हणून. तिथून ती जगभर फिरत आपल्या गल्लीत पोचेपर्यंत तिच्यातला बगीचा मागे पडला आणि गृहपाठ तेवढा शिल्लक राहिला. अप्पांना हे सांगून उपयोग नाही. त्यांच्या लेखी नातू दोन वर्षं पुढे होता आणि जर्मनीने त्याला ओढून मागे आणलं.

अंकांच्या बाबतीत मात्र जर्मनीने अप्पांची बाजू घेतली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं, जोडाक्षरं मुलांना जड जातात म्हणून, आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. देवपुरातली आघाडी अप्पांनी एकट्याने सांभाळली होती. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीसच म्हणतो, हे कळलं त्या दिवशी त्यांनी जेवणात एक पोळी जास्त घेतली.

पण खरा हाहाकार झाला प्रगतिपुस्तकावरून. पहिलीत तिथे आकडे नसतातच; बाई चार ओळी लिहून देतात की मूल ऐकतं कसं, मिसळतं कसं. तेव्हा अप्पा गप्प बसले. दुसरीच्या शेवटी आकडे आले. तोवर अप्पा धुळ्याला परतले होते, आणि जुलैअखेरीस सकाळी फिरताना मोबाईलवर फोटो आला: गणित १, जर्मन २.

“शंभरमा एक?” शेजारचे नाना म्हणाले. “दहामधला असेल,” दुसऱ्याने दिलासा दिला. अप्पा बाकावर बसले. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन, या पायऱ्यांवर ज्यांचा जन्म गेला त्यांना एक हा आकडा वाचता येत नाही, दिसतो फक्त. मुलाला फोन लागला तेव्हा तिथे भल्या पहाटेचे तीन वाजले होते. झोपेतच त्याने समजावलं की जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे सगळ्यांत वाईट. अप्पा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “नातू गणितात पहिला.” खोटं त्यात काहीच नव्हतं. जर्मनमध्ये दुसरा, तोही जर्मन पोरांना टाकून! पेढे वाटले गेले. पंचाईत पुढच्या वर्षी झाली. मेहरूणच्या एका आजोबांची म्युनिकची नातही ‘पहिली’ आली आणि सोयरिकीत गाठ पडल्यावर दोन्ही पहिल्यांचा हिशेब निघाला. वर्गातल्या सात-आठ पोरांना एकदम एक मिळू शकतो, ही गोष्ट दोन्ही आजोबांनी आपसांत ठेवली.

उन्हाचा विषय निघाला की अप्पांना थांबवता येत नाही. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये सकाळी अकरा वाजता सावलीत पंचवीस अंश भरले, तर मुख्याध्यापक पोरांना लवकर घरी सोडू शकतात. याला हिट्झेफ्राय म्हणतात. पंचवीस! अप्पा आकडा दोनदा उच्चारतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा कुठे लोक ‘आज जरा तापतंय’ म्हणतात. पंचवीस अंशाला धुळ्यात म्हातारी माणसं गोधडी ओढून घेतात. जर्मन नियम इकडे लावला तर शाळा भरायला डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी तेवढ्या उरतील. आणि या जागी अप्पांचं जुनं दुखणं उघडं पडतं: ऊन जास्त म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, खानदेशातल्या मात्र पुण्या-मुंबईबरोबर जूनच्या मध्यालाच. ऊन काय नागपूरचंच खरं? या मुद्द्यावर अप्पांशी वाद घालणं कठीण आहे, कारण मुद्दा बरोबर आहे.

मग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा प्रश्न. खानदेशात दिवाळीइतकीच मोठी आखाजी. माहेरवाशिणी येणार, झोके बांधणार, घरात आमरस, दारात लग्नाचे मांडव. त्यात पुतणीचं लग्न निघालं. मुलगा म्हणाला, शाळा सोडून येता येणार नाही. अप्पांना वाटलं, नोकरीबद्दल बोलतोय. तो तिसरीतल्या पोराबद्दल बोलत होता. जर्मनीत शाळा ही सक्ती आहे, घरी शिकवण्याचीही मोकळीक नाही, आणि सुट्टीच्या आधी दोन दिवस मूल पळवलं तर दंड होऊ शकतो. २०१८ च्या मे महिन्यात बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी शाळकरी पोरं घेऊन निघालेल्या कुटुंबांना चक्क अडवून विचारणा केली होती. तिथली मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडे चातुर्मास. लग्न नाही, आंबा नाही, पांझरेच्या पुलावर पूर बघायला मात्र भरपूर गर्दी.

अप्पांनी विचार केला. नोकरीच्या काळात त्यांनी पोरांचे शेकडो रजेचे अर्ज वाचले होते. एकेका पोराचा आजोबा वर्षातून तीनदा वारायचा आणि अप्पा निमूट सही करायचे. त्यांनी मुलाला विचारलं, “जवळचा नातेवाईक वारला तर सुट्टी देतात का?” देतात, मुलगा म्हणाला. “मग लिही माझं नाव.” सून घाबरली, आजी संतापल्या. अप्पांना यात गैर काही दिसेना. एका कामाच्या अर्जासाठी वारायला त्यांची तयारी होती. फक्त दाखला मागतील का, एवढीच त्यांची शंका. मागतात, असं कळल्यावर बेत रद्द झाला आणि पुतणीचं लग्न नातवाने मोबाईलच्या पडद्यावर पाहिलं.

सक्ती तिथली आजकालची नव्हे. वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६४९ सालीच मुलामुलींना शाळा सक्तीची केली. तेव्हा शिवाजी महाराज एकोणीस वर्षांचे होते. आपला शिक्षण हक्क कायदा लागू झाला २०१० मध्ये. एका भेटीत अप्पांनी सुनेला दुभाषी करून वर्गाच्या बाईंना अभिमानाने सांगितलं की आमच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी कधीच शाळेत गेल्या नाहीत. असोद्याला जन्म, शेतात काम करता करता ओव्या रचायच्या, लिहून घेतलं ते मुलाने आणि आप्तांनी. कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये, त्या वारल्यानंतर. विद्यापीठ निघालं १९९० मध्ये, नाव दिलं २०१८ मध्ये. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मग त्यांच्या वडिलांना दंड झाला नाही?”

पालकसभेचा किस्सा मुलगा सांगतो, अप्पा नाही. संध्याकाळी साडेसातची सभा, पालकांना बसायला पोरांच्याच बुटक्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला. डब्यात गोड आणावं की नाही यावर एक तास चर्चा. मग वर्गाचे पालक-प्रतिनिधी निवडायचे होते. आपल्याकडे अशा वेळी गट पडतात. तिथे सगळे बुटांकडे बघू लागले. धुळ्याच्या इंजिनिअरला प्रश्न अर्धाच समजला, त्याने मान हलवली आणि तो उपप्रतिनिधी झाला. ‘बिनविरोध’ हा शब्द फोनवर ऐकताच अप्पांनी देवपूर चौकात फ्लेक्स लावायची तयारी केली. मजकूरही ठरला होता, कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून नानांचा फोटो होता. मुलाने हातापाया पडून तो थांबवला. नाना अजून नाराज आहेत.

पायी शाळेत जाण्यावरून तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाता जाता राहिलं. शाळेने पालकांना बजावलं होतं की मुलांना गाडीने फाटकापर्यंत सोडू नका, चालू द्या, रस्ता ओळखू द्या. चौथीत तर पोलीसच येऊन सायकलची परीक्षा घेतात. सहा वर्षांचं पोर एकटं निघालेलं बघून अप्पांच्या पोटात गोळा आला. स्वतः ते लहानपणी बांधाबांधाने, नाला ओलांडून, चपला हातात घेऊन शाळेत गेले होते, पण ते वेगळं. चार दिवस ते माकडटोपी घालून झाडांआडून नातवाच्या मागे गेले. पाचव्या दिवशी समोरच्या घरातल्या आजीबाईंनी शाळेत कळवलं की एक टोपीवाला गृहस्थ मुलांच्या मागावर आहे. नातवाने ओळख पटवली म्हणून निभावलं.

असं सगळं मवाळ, खेळीमेळीचं चाललेलं बघून अप्पांनी जर्मनीला जवळजवळ नापास करून टाकलं होतं. तेवढ्यात नातू चौथीत गेला आणि अप्पांना त्यांची आवडती वस्तू सापडली: परीक्षा. चौथीनंतर तिथे वाटा फुटतात. विद्यापीठाकडे सरळ नेणारं गिम्नाझियुम, व्यवसायाकडे वळणाऱ्या दुसऱ्या शाळा. पोर दहा वर्षांचं. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये २०१२ पासून पालकांचा शब्द शेवटचा होता. आता गिम्नाझियुमसाठी पालकांची इच्छा, शिक्षकांची शिफारस आणि कोम्पास ४ नावाची चाचणी, या तिन्हींपैकी दोन जुळाव्या लागतात. चार वर्षं पोराला झाडावर चढू द्यायचं आणि पाचव्याच्या तोंडाशी फाटक लावायचं, हा प्रकार सुनेला क्रूर वाटला आणि तिचं चुकतं असं म्हणवत नाही. अप्पांना मात्र दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या मुलाने चौथीची स्कॉलरशिप अशीच दिली होती. त्यांनी लगेच गणित मांडलं: पालकांची इच्छा आपल्या खिशात, बाकी दोनपैकी एक फुटला की बहुमत.

त्या दिवसापासून धुळ्यात संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. तिथे तेव्हा दुपारचा एक, शाळा नुकती सुटलेली. पावकी, निमकी, दिडकी. नातू तीन दिवस हजर राहिला. चौथ्या दिवशी सून म्हणाली, “अप्पा, तो पोहायला गेलाय.” पाचव्या दिवशी फुटबॉल. अप्पांनी नमुना प्रश्नपत्रिका मागवली, झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली, फोनवर भाषांतर करत नातवाच्या जागी आपणच बसून सोडवली आणि लाल पेनाने तपासली. स्वतःला त्यांनी दोन दिला. एक का नाही, असं नानांनी विचारल्यावर म्हणाले, “एक दिला असता तर लोक म्हणाले असते, परीक्षक घरचाच होता.”