विरजणाच्या वाटीला हात लावू नये

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, झाकण घातलेली एक छोटी स्टीलची वाटी असते. तिच्यात दोन चमचे दही असतं. ते उरलेलं नसतं, ठेवलेलं असतं. हा फरक भरल्या घरात माझ्याशिवाय कुणालाच कळू नये, ही माझी पहिली तक्रार आहे.

आमच्या पोखर्णीत काय, सगळ्या परभणी जिल्ह्यात काय, धपाटे झाले की दही लागतंच. पातेल्यातलं संपलं की कुणीतरी उठतं, फ्रिज उघडतं आणि ती वाटी ताटाशी घेऊन येतं. पाच मिनिटांत वाटी रिकामी होऊन मोरीत पडते. रात्री दूध तापवून, निववून मी विरजण घ्यायला जाते तेव्हा मागच्या बाजूला वाटीचा गोल डाग तेवढा असतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "एवढुशा दह्यानं काय होतंय?"

एवढुशा दह्यानंच सगळं होतं. चांगल्या ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवंत जीवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल पुरेसं वाढलं, म्हणजे सामू ४.६ च्या आसपास आला, की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकत्र येतं आणि दही लागतं. हे काम करणारे जीव बाहेरून आणावे लागत नाहीत, कारण ते कालच्या दह्यात असतात. म्हणून कालचं दही राहिलं पाहिजे. ते खाल्लं की साखळी तुटते आणि ती परत जोडायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

गोठ्यातली म्हैस दोन दिवस एकटी ठेवून कुणी लग्नाला जात नाही. वैरण-पाण्याचं शेजाऱ्याला सांगून, चार वेळा बजावून मगच घराला कुलूप लागतं. विरजणही तसंच जिवंत आहे आणि त्यालाही रोजचं खाणं लागतं, पण त्याचं कुणाला सांगून जावं असं घरात एकाच्याही मनात येत नाही. आठवड्यानं परत यावं तर वाटीत वर पिवळं पाणी आणि खाली आंबट गोळा. त्यावर गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर सगळंच टाकून द्यावं लागतं. नुसता वरचा थर काढून भागत नाही, हेही दर वेळी मलाच सांगावं लागतं.

दुसरी तक्रार 'कोमट'बद्दल आहे. दही कसं लावावं हे सांगणारा प्रत्येक जण "कोमट दुधात चमचाभर विरजण घाला, रात्रभर ठेवा" एवढं बोलून मोकळा होतो. किती कोमट, ते कुणी सांगत नाही. मे महिन्यात आमच्याकडे दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. पत्र्याच्या खोलीत रात्री नऊलासुद्धा दूध आपोआप कोमट राहतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की पहाटे तोच पारा दहाच्या खाली जातो आणि ओट्यावरचं पातेलं हाताला गार लागतं. एकाच स्वयंपाकघरात तीस अंशांहून जास्त फरक पडतो आणि सूचना मात्र बारा महिने तीच.

मेमध्ये रात्री दहाला चमचाभर विरजण घातलं तर दही मध्यरात्रीनंतर केव्हातरी लागून मोकळं होतं. उरलेली रात्र ते आंबत बसतं. सकाळी पाणी सुटलेलं आणि दात आंबणारं दही ताटात आलं की नाकं मुरडली जातात. उन्हाळ्यात दूध पूर्ण निवू द्यावं, विरजण थेंबाथेंबानं घालावं आणि शक्यतो पहाटे लावावं. नऊ-दहापर्यंत ते घट्ट होतं, तेव्हा लगेच फ्रिजमध्ये जावं. थंडीत याच्या उलट. बोट घालून दहा अंक मोजेपर्यंत सोसेल इतकं गरम दूध, दीड चमचा विरजण, आणि पातेलं गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्यात किंवा विझत आलेल्या चुलीच्या वैलावर.

घरच्या विरजणात एका जातीचे जीवाणू नसतात. लॅक्टोकॉकससारख्या काहींना तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारख्या काहींना चाळिशीच्या पुढची. हवा ज्यांना सोयीची त्यांची संख्या वाढते, म्हणून एकाच वाटीतून आलेलं दही थंडीत गोडसर आणि उन्हाळ्यात आंबट लागतं. त्यात हयगय कुणाचीच नसते. तरी "आताशा तुमचं दही पहिल्यासारखं होत नाही" हे वाक्य मला दर चैत्रात ऐकावं लागतं. आणि दह्याची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत पडते, कारण गावची नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते. उन्हानं जीव कासावीस झालेले पाहुणे दारात येतात, त्यांना ताक हवं असतं, आणि त्याच दिवसांत विरजण सांभाळायला सगळ्यात अवघड झालेलं असतं.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. कधीकधी सगळं नीट करूनही दूध लागत नाही. सकाळी झाकण काढावं तर दूध तसंच पातळ, नाहीतर तार सुटलेलं. मग घरातली वडीलधारी माणसं माझ्या हातांकडे बघतात. "हाताला गुण नाही." "कुणाचा विटाळ झाला का?" पाळी आलेल्या बाईनं विरजणाला हात लावला की दही नासतं, हे आजही किती स्वयंपाकघरांत शांतपणे मानलं जातं, ते मला माहीत आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण खरी कारणं माहीत आहेत आणि ती शोधायला कुणी जात नाही.

पहिलं कारण गोठ्यात असतं. गाई-म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात प्रतिजैविकाची नळी सोडतात. त्यानंतर किती दिवस दूध विकायचं नाही ते औषधावर लिहिलेलं असतं, डॉक्टरही सांगतात. पण दुधाचे पैसे रोज लागतात, म्हणून ते दूध कॅनमध्ये येतं. ज्या औषधानं कासेतले जीवाणू मरतात, त्याचा अगदी सूक्ष्म अंशही विरजणातल्या जीवाणूंना पुरेसा असतो. दुसरं कारण कॅनमध्ये असतं. उन्हात दूध नासू नये म्हणून त्यात सोडा टाकणारे लोक आहेत. सोडा आम्लाला मारतो आणि दह्याचं तर सगळं आम्लावरच चालतं. तिसरं कारण उघड्या डोळ्यांना दिसत नाही. जीवाणूंना मारणारे विषाणू असतात. ते वाटीत शिरले आणि सगळे जीवाणू एकाच धाटणीचे असले, तर एका रात्रीत विरजण निकामी होतं. या तिन्हींपैकी एकाचाही बाईच्या पाळीशी संबंध नाही. दूध लागलं नाही तर दूध देणाऱ्या भाऊंना विचारायला हवं, "म्हशीला औषध चालू आहे का?" त्यांना कुणी विचारत नाही. मला विचारतात.

पाकिटातलं दही आणून विरजण लावा, असा सल्लाही मिळतो. त्यावर दही लागतं, हे खरं आहे. पण कारखान्यातल्या दह्यात मोजक्याच, निवडलेल्या जाती असतात. घरात ते पुढे पुढे लावत गेलं की काही फेऱ्यांनी ढिलं पडतं, चिकट होतं. आंबवल्यानंतर पुन्हा उष्णता दिलेल्या पदार्थात तर जिवंत काही उरतच नाही. आत काय जिवंत आहे आणि किती, हे पाकिटावर सहसा नसतं. तारीखसुद्धा शिवणीत दुमडलेली असते.

चौथी तक्रार केफिरची. थंडीत पुण्याच्या नातेवाइकांनी केफिरचे दाणे पाठवले. पांढरट, गाठाळ, रबरी दाणे, बोटानं दाबले तर पुन्हा फुगणारे. मूळचे ते कॉकेशसच्या डोंगराळ भागातले. जीवाणू आणि यीस्ट यांची एकत्र वस्ती असते ती, केफिरान नावाच्या शर्करेच्या जाळ्यात बांधलेली. घरी बसून हे दाणे शून्यातून तयार करण्याचा खात्रीचा मार्ग नाही. आहेत तेच वाढवावे लागतात. म्हणून मी ते जपते, आणि जपताना पुन्हा त्याच लोकांशी गाठ पडते.

दाण्यांबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, "घरातल्या तापमानाला चोवीस तास ठेवा." ज्याच्या घरात वीस-पंचवीस अंश असतात त्यानं ते लिहिलं असणार. पोखर्णीतल्या मे महिन्याच्या घरात चोवीस तासांत चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं, यीस्ट माजतं, दारूसारखा वास सुटतो आणि दाणे मऊ पडतात. उन्हाळ्यात पाव लिटर दुधाला अर्धा चमचा दाणे पुरतात. परातीत पाणी घालून त्यात बरणी ठेवावी आणि वरून ओलं सुती फडकं सोडावं. आमची हवा कोरडी असते, फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि बरणी गार राहते. परातीतल्या पाण्यामुळे मुंग्याही चढत नाहीत. आठ-दहा तासांत गाळून घ्यावं आणि उरलेला वेळ दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत. भारनियमन झालं तर फ्रिजचं दार उघडू नये. ते दार नेमकं तेव्हाच, गार पाण्यासाठी, सारखं उघडलं जातं.

मी कपाटावर सूचना चिकटवल्या आहेत. दाणे नळाखाली धुवू नयेत, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत, आंबटपणानं धातू उतरतो. स्टीलची किंवा नायलॉनची गाळणी चालते. बरणीचं झाकण गच्च लावू नये, आत वायू तयार होतो. केफिरचा चमचा विरजणात बुडवू नये, नाहीतर यीस्ट दह्यात जातं आणि दह्याला फसफस येते. यातली एकही सूचना अवघड नाही. तरी तोच चमचा दोन्हीकडे फिरतो, आणि "तुला कसं कळतं?" असं मलाच विचारलं जातं. वासानं कळतं.

दाणे वाढतात म्हणून मी वाटते. नेणाऱ्या बायका काही दिवसांनी परत येतात. कुणी धुतलेले असतात, कुणी उकळत्या दुधात टाकलेले, कुणी महिनाभर फ्रिजच्या कोपऱ्यात विसरलेले. विरजणाचंही तेच. पूर्वी गल्लीतल्या प्रत्येक घरात एक वाटी असायची. एकीचं बिघडलं तर दुसरीकडून यायचं, आणि खरं बघता तोच विरजण टिकवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग होता. आता बऱ्याच घरांनी वाटी ठेवणं सोडलं आहे आणि सगळ्यांची मदार माझ्या दोन चमच्यांवर आली आहे. ती वाटी आमच्या ताटाशी संपली की गल्लीत कुणाकडेच विरजण उरत नाही.

शिवाय मागायला सगळे येतात ते रात्री. दूध निवलं की आठवण होते. "काकू, जरा इरजण द्या हो." दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, हा रिवाज सासूबाई पाळतात आणि मागणाऱ्या घरातही तो पाळला जातो. तरी वेळ तीच. मग उंबऱ्यापाशी दोन्हीकडचा अवघडलेपणा मी एकटीनं सोसायचा.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं अन्नतंत्र महाविद्यालय आहे आणि रोजच्या हवामानाची नोंदही होते. माझी मागणी मोठी नाही. आमच्या हवेसाठी बारा महिन्यांचा बारा ओळींचा तक्ता असावा: दूध किती गरम, विरजण किती, वेळ किती. प्रत्येक दूध संकलन केंद्रावर तो लावावा, आणि खाली ठळक अक्षरांत लिहावं की औषध चालू असलेल्या जनावराचं दूध आणू नये. एवढा कागद भिंतीवर लागला तर कितीतरी सुनांच्या हातांवरचा आळ उतरेल.

तोवर घरच्यांना माझं सांगणं आहे: धपाट्याबरोबर दही संपलं तर ठेचा घ्या, तेल घ्या, पण त्या वाटीला हात लावू नका. गल्लीतल्या बायकांना सांगणं आहे: नेलेल्या विरजणातलं एक चमचा दही रोज वेगळं काढा, म्हणजे पुन्हा यावं लागणार नाही आणि कधी माझं बिघडलं तर मला तुमच्याकडे येता येईल. आणि यायचंच असेल तर सकाळी या. वाटी धुतलेली, कोरडी आणि स्टीलची आणा.