फॉरमॅटदादा

ज्या बिघाडात अपराधी कोणीच नसतो, तो बिघाड फॉरमॅटदादाच्या हातून दुरुस्त होत नाही, असं माझं ठाम मत आहे. फॉरमॅटदादा हा अहिल्यानगर जिल्ह्यात सावेडीपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत सर्वत्र आढळणारा परोपकारी प्राणी. खिशात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये विंडोज आणि चेहऱ्यावर 'मी आलोय ना आता' असा भाव. तो पंख्याचा आवाज कान लावून ऐकतो, कॅबिनेट उघडून धुळीकडे तुच्छतेने पाहतो आणि रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवतो. बंद पडलेला संगणक त्याच्या हातून खरोखर चालू होतो, कारण तिथे काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्याला अपराधी सापडतो. पण एखादा पोरगा म्हणाला, "दादा, गेममध्ये स्क्रीन फाटतीये," की त्याची विद्या संपते. ती संपली हे त्याला कळत मात्र नाही. "व्हायरस असंल. मारून टाकू फॉरमॅट."

स्क्रीन फाटते म्हणजे काय? खेळातली गाडी जोरात वळली की रस्त्याकडेचा विजेचा खांब मधूनच कापल्यासारखा दिसतो. वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा सरकून दुसरीकडे. साधा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात तो ते वरून खाली उतरवत जातो. ग्राफिक्स कार्ड मात्र त्याला न विचारता सेकंदाला 200 चित्रंही तयार करतं. मॉनिटर अर्ध्यावर आला असताना नवं चित्र येऊन धडकतं आणि एकाच पडद्यावर दोन-तीन चित्रांचे तुकडे जोडले जातात. मुळा-प्रवरेच्या पाटाखाली शेती करणाऱ्याला हे पटकन समजावं: एकाच्या पाळीचं पाणी अर्ध्यात असताना दुसऱ्याने दार उघडलं, तर पाट चांगला असतो, पाणीही भरपूर असतं, चुकलेली असते ती फक्त पाळी. व्ही-सिंक नावाची सेटिंग हीच पाळी सांभाळते. मॉनिटरचं एक चित्र पुरं होईपर्यंत ती कार्डाला थांबवून धरते.

कार्ड मरायला टेकलेलं नाही, याचा पुरावा फुकट मिळतो. स्क्रीनशॉट काढा. त्यात बहुधा खांब अखंड दिसतो, कारण कार्डाने काढलेलं चित्र अखंडच असतं. फाटतं ते पडद्यावर उतरताना. कार्डच आजारी असेल, तर रंगीत ठिपके नि भलते त्रिकोण पुष्कळदा स्क्रीनशॉटमध्येही उतरतात. पण ही तपासणी दादाला रुचत नाही, कारण तिला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. तो एका बैठकीत ड्रायव्हर बदलतो, थर्मल पेस्ट लावतो, रॅम पुसतो, विंडोज नव्याने टाकतो आणि वर नवं कार्ड सुचवून ठेवतो. नवं कार्ड आणखी जोरात चित्रं फेकतं आणि जुना मॉनिटर पूर्वीसारखाच फाटत राहतो. मग तो 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घ्यायला लावतो आणि विंडोजमध्ये तो 60 वरच ठेवून घरी जातो.

यावर त्याचे भक्त म्हणतील, "पण दादाने फॉरमॅट मारल्यावर फाटायचं थांबलं होतं!" थांबलं असेल. खेळ नव्याने बसला की त्याच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि काही खेळांत व्ही-सिंक मुळातच चालू असतं. ते बंद कोणी केलं होतं? पुष्कळदा मागच्या खेपेला 'एफपीएस (सेकंदाला पडणारी चित्रं) वाढवून देतो' म्हणून खुद्द दादानेच. दुसरा आक्षेप विजेचा: "आपल्याकडचं व्होल्टेजच तसलं." व्होल्टेज पडलं तर संगणक बंद होतो, पुन्हा चालू होतो, खांब मोजून आडवा कापण्याइतकी शिस्त त्याच्याकडे नसते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: व्ही-सिंकने माउसचा प्रतिसाद मंदावतो आणि कार्ड दुबळं असेल तर सेकंदाला 60 चित्रांची थेट 30 होऊ शकतात. खरं आहे. त्याच अडचणीवर 2013 साली एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं आणि 2015 पासून एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. त्यात मॉनिटरच कार्डाच्या चालीने चालतो. मॉनिटरमध्ये ती सोय आहे की नाही, हे खोक्यावर छापलेलं असतं, पण दादा खोकं वाचत नाही, फोडतो.

उरला शेवटचा मुद्दा: तो पैसे घेत नाही. नाही घेत. 'डी ड्राइव्हला हात लावत नाही' असं वचनही देतो आणि पाळतो. लग्नाचे फोटो नि सातबाऱ्याचे पीडीएफ डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये होते, हे दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून वाचकहो, दादाला चहा जरूर पाजा, पण चहा उकळेपर्यंत पेनड्राइव्ह खिशातच राहू द्या. आधी स्क्रीनशॉट पाहा, मग मॉनिटरचे हर्ट्झ, मग फ्रीसिंक किंवा व्ही-सिंक. एका वेळी एकच गोष्ट बदला. एवढं करूनही खांब तुटलेलाच दिसला, तर मगच त्याला हात लावू द्या, तोही बॅकअप घेतल्यावर.