पहिलेपणाचा फेरफार

आमच्या शहरातील औरंगपुऱ्यात स्पर्धा परीक्षांच्या वर्गांच्या पाट्यांखाली सामान्य ज्ञानाची जी पुस्तके रचून ठेवलेली असतात, त्यांतील ‘पहिला, पहिली, पहिले’ या प्रकरणाला जो मान आहे तो प्रत्यक्ष राज्यघटनेच्या प्रकरणालाही लाभत नसावा; आणि ते योग्यच आहे, कारण हे तक्ते मुखोद्गत केलेला उमेदवार पुढे तलाठी होतो व उताऱ्यावर कोणाचे नाव आधी चढवावयाचे याचा अधिकार आयुष्यभर उपभोगतो.

दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेत वर्णभेदाची कुंपणे प्रथम कोणी ओलांडली, याचाही असाच एक जागतिक उतारा सिद्ध झालेला आहे. पडद्यावरील पहिले भिन्नवर्णीय चुंबन ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतील कॅप्टन कर्क आणि लेफ्टनंट उहुरा यांचे, दिनांक 22 नोव्हेंबर 1968, ही त्यातील नोंद इतकी पक्की आहे की तिच्यावर हरकत घेणाऱ्याकडे लोक अतिक्रमणवाल्याकडे पाहावे तसे पाहतात. वास्तविक ब्रिटनच्या प्रेक्षकांनी ‘यू इन युअर स्मॉल कॉर्नर’ या नाटकात असे चुंबन 1962 सालीच पाहिले होते. शिवाय कर्कसाहेबांनी ते काही राजीखुशीने घेतलेले नाही. कथेतील परग्रहवासी आपल्या मनःशक्तीच्या जोरावर त्या दोघांना तसे करावयास भाग पाडतात. ‘वरून हुकूम आला, माझा नाइलाज झाला’ या सबबीवर कारकुनास बढती मिळाल्याचे आपण पाहतो; क्रांतिकारकाचा मान मिळाल्याचे उदाहरण मात्र हे एकच असावे.

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचा पहिला कृष्णवर्णी यजमान कोण, असे विचारताच 1956 च्या नॅट किंग कोल यांचे नाव पुढे येते. त्यांच्याआधी 1950 मध्ये हेझल स्कॉट होत्या, त्यांच्याही आधी 1948 पासून बॉब हॉवर्ड होते. परंतु हेझलबाईंचा कार्यक्रम दाखविणारी ड्यूमाँट कंपनी बुडाली, तिच्या चित्रमुद्रणांची विल्हेवाट लागली, आणि दफ्तरच नाहीसे झाल्यावर वहिवाट कशी शाबीत होणार?

या उताऱ्यातील खरी मौज मात्र निराळ्याच गटात आहे. 1949 साली लॉस एंजेलिसच्या केटीएलए केंद्रावर रत्न खोचलेला फेटा बांधून एक इसम ऑर्गन वाजवू लागला. नाव कोरला पंडित. जन्म दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका, अशी जबानी. पडद्यावर तो चकार शब्द काढीत नसे. बोटे आपल्या मनाने पट्ट्यांवर फिरत आणि तो स्वतः टपोऱ्या डोळ्यांनी प्रेक्षकांकडे टक लावून बसे, त्यामुळे शेकडो गृहिणींचे स्वयंपाक करपले असल्यास नवल नाही. दिल्लीच्या ब्राह्मणाच्या फेट्यात माणिक कोठून आले, हा प्रश्न आमच्या गुलमंडीच्या बाजारातल्या शेंबड्या पोरानेही विचारला असता. अमेरिकेत तो कोणास सुचला नाही. पंडितजी 1998 साली निवर्तले, आणि 2001 साली खुलासा झाला की हे गृहस्थ मिझुरी प्रांतातील सेंट लुइसचे, जॉन रोलंड रेड नावाचे कृष्णवर्णी अमेरिकन. ज्या कातडीला त्या केंद्राच्या दारात मज्जाव झाला असता, तिलाच चार हात रेशमी कापडाखाली मानाने प्रवेश मिळाला, आणि मौन पाळल्यामुळे मिझुरीची बोलीही उघडी पडली नाही.

याच्या नेमकी उलट कथा आपल्या मुंबईची. 1911 साली तेथे जन्मलेल्या, युरोपीय आणि आशियाई रक्ताच्या मर्ल ओबेरॉन या नटीने आपला जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर झाल्याचे सांगितले आणि ते बहुतांश आयुष्य निभावले. 1978 साली टास्मानियाच्या राजधानीत ‘गावची लेक’ म्हणून बाईंचा सत्कारही झाला. याच बाई 1957 साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर ‘असाइनमेंट फॉरेन लीजन’ या मालिकेतून घरोघरी अवतरत होत्या, त्याच वर्षी नॅट किंग कोल यांना राष्ट्रीय जाहिरातदार मिळेना म्हणून गाशा गुंडाळावा लागला. मुंबईची मुलगी असा गाजावाजा झाला असता तर तिला पैसे देणारा कितीजणांतून शोधावा लागला असता, हे सांगणे नलगे. कोणत्याही तक्त्यात मर्लबाईंच्या या पहिलेपणाचा मागमूस नाही, कारण अर्जदाराचीच तक्रार नाही.

पुढे 2023 साली मिशेल यो यांना प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा ‘पहिल्या आशियाई अभिनेत्री’ असा मथळा जुळवू पाहणाऱ्या संपादकांस 1935 च्या ‘द डार्क एंजल’साठी मर्लबाईंना मिळालेले नामांकन आडवे आले, आणि ‘स्वतःस आशियाई म्हणविणाऱ्या पहिल्या’ अशी मखलाशी करून वेळ मारून न्यावी लागली. आमच्या जात पडताळणी समितीपुढे हे प्रकरण असते तर इतक्यावर भागले नसते. समितीने रक्तनात्यातील व्यक्तींचे दाखले मागविले असते, आणि मर्लबाईंना जी बहीण म्हणून सांगितली गेली तीच प्रत्यक्षात त्यांची आई, आणि जी आई ती आजी, असे निघाल्यामुळे फाइल त्रुटींचा शेरा मारून परत गेली असती.