मी नसताना

प्रदर्शनाच्या अर्जात 'आपल्यावरील प्रभाव' असा एक रकाना असतो. त्यात खरं लिहायची सोय नसते. खरं लिहायचं तर माझ्यावर पहिला प्रभाव पडला तो आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयातल्या कॅलेंडरचा. रघुवीर मुळगावकरांनी स्प्रेने रंगवलेल्या देवांची ती गुळगुळीत कांती आणि खाली आरशात वाटी-कट मारलेला मी! आदर्श आणि वास्तव यांतलं अंतर मला तिथेच समजलं. दुसरा प्रभाव दीनानाथ दलालांचा. वडील दलालांच्या 'दीपावली'चे अंक जपून ठेवायचे आणि मी त्यांची मुखपृष्ठं कापून वहीत चिकटवायचो. त्याबद्दल पाठीवर उमटलेली ती माझ्या कलेची पहिली समीक्षा. पण अर्जात असलं चालत नाही, तिथे प्रभाकर बरवे लागतात. बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' मी खरोखर मन लावून वाचलं. त्यानंतर माझा कॅनव्हास बराच काळ कोराच राहिला.

आणि कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर बाबूराव पेंटर आलेच. हा माणूस १८९० साली मेस्त्री घराण्यात जन्मला. हातात सुतारकी, डोक्यात यंत्रं. नात्यातल्या आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा नाही? मग घरीच करू! १९१६ साली आनंदराव अर्ध्या वाटेवर गेले, तरी बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केलाच. तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की लोक घाबरले आणि ते दृश्य कापावं लागलं. चित्रं, पुतळे, पोस्टर, नेपथ्य, सिनेमा, सगळं एकट्या माणसाने केलं. आज खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. त्याच्यासमोर सिग्नल नसतानाही मी गाडी थांबवतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो.

बाबूरावांनी इतकं केलं, मग आपण का करू नये, असं मला वाटलं. त्यात दोष माझा कमी, कोल्हापूरच्या पाण्याचा जास्त. मी चित्रं काढली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गणपती मंडळांचे देखावे केले, मानधन म्हणून अंकाचीच एक प्रत देणाऱ्या दिवाळी अंकांना रेखाटनं पुरवली. शेवटी कार्डावर 'मल्टिडिसिप्लिनरी व्हिज्युअल आर्टिस्ट' असं छापून घेतलं. सासऱ्यांनी कार्ड लांब धरून दोनदा वाचलं आणि म्हणाले, ''म्हणजे अजून नक्की काही ठरलेलं नाही तर.'' आमच्या घरच्या तानीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. भांडवल त्यांचंच. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या गप्प बसण्याला परिच्छेद असतात.

तर एका समूह प्रदर्शनासाठी मी चित्र, शिल्प आणि सिनेमा एकत्र आणायचं ठरवलं. माझ्याच डोक्याचा प्लास्टरचा पुतळा आणि त्यावर प्रोजेक्टरने माझ्याच चेहऱ्याची फिल्म. चेहऱ्यावरून साचा काढताना डोळे मिटलेलेच ठेवावे लागतात, त्यामुळे पुतळ्याचेही डोळे मिटलेले. फिल्ममधले उघडे. अंधार केला की मिटल्या पापण्यांवर माझे डोळे उघडणार आणि बघणाऱ्याकडे बघणार. कामाचं नाव ठेवलं, 'मी नसताना'. हे नाव मला रात्री सुचलं होतं. रात्री सुचलेली नावं सकाळी एकदा तपासून घ्यावीत.

प्लास्टर बापट कॅम्पातून आणलं. मदतीला पुतण्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. चेहऱ्याला, भुवयांना, मिशीला व्हॅसलिन चोपडलं, नाकात स्ट्रॉ घातले आणि मी आडवा झालो. प्लास्टर आणि पाणी एकत्र आलं की ते तापतं हे मला ठाऊक होतं, म्हणून थर पातळ द्यायचा असं मी त्याला बजावलं होतं. पण पोराने मोबाईलवर वाचलं, की पाण्यात मीठ टाकलं तर प्लास्टर लवकर घट्ट होतं. काकांना कशाला ताटकळत ठेवायचं, या सद्भावनेने त्याने मूठभर मीठ टाकलं. त्या मिठाला तो शेवटपर्यंत जागला. ''काका, गरम होतंय का?'' असं तो विचारत राहिला. तोंड प्लास्टरखाली असलेल्या माणसाने काय उत्तर द्यावं? मी हात हलवला. त्याला वाटलं, मी 'छान' म्हणतोय.

तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. मला बघितलं आणि पुतण्याला एवढंच विचारलं, ''जेवणार आहेत का हे?''

साचा निघाला तेव्हा डावीकडची मिशी त्याच्याबरोबर निघाली. व्हॅसलिन त्या बाजूला कमी पडलं असावं. आवाज मोठा आला, तो माझा होता. उरलेली मिशी मी निमूटपणे भादरली. गंमत पुढेच आहे. त्या साच्यात नवं प्लास्टर ओतून पुतळा काढला, तेव्हा साच्यात अडकलेले केस पुतळ्याच्या ओठावर आले. म्हणजे पुतळ्याला माझी खरी मिशी आणि मी सफाचट.

उद्घाटनाला मोठे पाहुणे होते. सभागृह अंधारं, प्रोजेक्टर चालू, पुतळ्याचे डोळे उघडे. मी कोपऱ्यात उभा राहून कृतार्थ होत होतो. मग फोटोग्राफर म्हणाला, ''लाईट लावा वो, पाव्हणं दिसंनात.'' सगळ्या ट्यूब एकदम लागल्या आणि प्रोजेक्टरची फिल्म उजेडात विरून गेली. उरलं काय? पांढरंफटक डोकं, मिटलेले डोळे, अर्धवट मिशी. खाली पाटी: 'मी नसताना'. त्याखाली माझं नाव आणि कॅटलॉगच्या शिस्तीप्रमाणे 'जन्म १९७४ –'. त्या आडव्या रेघेपुढची जागा मोकळी होती. पाहुण्यांना वाटलं, छापायचं राहिलं.

त्यांनी एकवार पुतळ्याकडे बघितलं, चपला काढल्या, स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून त्याला घातला आणि हात जोडले. मागची रांगही हात जोडून उभी राहिली. संयोजक पुढे सरकेपर्यंत समई पुतळ्यासमोर आणून ठेवली गेली होती. भाषणात पाहुणे म्हणाले, की असे कलावंत समाजाला उशिरा कळतात. इतकं चांगलं माझ्याबद्दल जाहीरपणे कोणीच बोललं नव्हतं, त्यामुळे मधेच उठून जिवंत आहे असं सांगणं माझ्या जिवावर आलं. खाली उतरल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ''तुम्ही धाकटे बंधू ना? चेहरा मिळतोय, फक्त मिशी नाही.''

मी ''हो'' म्हणालो. बायको शेजारीच होती. तिने पदर सारखा केला आणि कपाळावरचं कुंकू दिसेल अशी मान वर केली. ''त्या कोण?'' असं मात्र त्यांनी विचारलं नाही, सुसंस्कृत माणूस.

त्या प्रदर्शनात माझं एकही काम विकलं गेलं नाही. परंतु पाहुण्यांच्या ताफ्यातले एक गूळ-व्यापारी दुसऱ्या दिवशी घरी आले. वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं, पुतळा करायचा होता. ''कालच्यावानी पायजे,'' ते म्हणाले. ''बघितल्या बघितल्या कळलं पायजे, मानूस गेलाय.'' वास्तववादाची इतकी नेमकी व्याख्या मला कलाशाळेत कोणी सांगितली नव्हती. त्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला, तो तानीबाईंनी मोजून घेतला, आणि महिनाअखेर आणखी दोन ऑर्डरी आल्या. व्हिडिओ, इन्स्टॉलेशन वगैरे सध्या माळ्यावर आहे.

तेव्हा वाचकहो, दिवंगत आप्तांचे अर्धपुतळे फोटोवरून माफक दरात करून मिळतील. मिशा स्वतंत्र लावून दिल्या जातात. हार मात्र आपला आपण आणावा.