बेथोव्हेनचं नाव काढाल तर खबरदार!

ऐकलंत का? कोराडीत सध्या जे चाललंय ते तुमच्या कानावर आलं नसेल, तर आधी खाली बसा.

आमच्या गावाबद्दल जगाला दोनच गोष्टी ठाऊक. एक जगदंबेचं देऊळ आणि दुसरं वीजकेंद्र. देवीचं रूप दिवसात तीनदा पालटतं, असं भाविक सांगतात. सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. आता देवीचं ठीक आहे हो, पण वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, इथेच घरं बांधून राहिलेले चांगले घरंदाज इंजिनिअर? उभा जन्म बॉयलर आणि टर्बाइनमागे गेलेला. निवृत्तीनंतर तलावाकाठी फिरावं, नातवंडं खेळवावीत, बीपीची गोळी वेळेवर घ्यावी. ते सोडून ही माणसं ऑर्केस्ट्राच्या नादी लागली आहेत!

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत किशोरकुमारची गाणी म्हणणारा नव्हे. तो असता तर आम्हीच पुढच्या खुर्च्या धरल्या असत्या. हा विलायती. ऐंशी-नव्वद माणसं काळे कोट घालून बसतात आणि एक जण लोकांकडे पाठ करून छडी हलवतो, तो. दर रविवारी दुपारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पडदे ओढून बैठक भरते. मोठे स्पीकर लागतात. ऐकून झालं की प्रत्येकाने आपलं मत मांडायचं, आणि चहा गार होईस्तोवर भांडायचं.

बरं, मोझार्ट-बेथोव्हेन ऐकत असते तर आम्ही ब्र काढला नसता. शिकल्यासवरल्या घरात तेवढं चालायचंच. पण या बैठकीत बेथोव्हेनचं नाव काढणं म्हणजे श्राद्धाच्या पंगतीत सावजी रस्सा वाढण्यासारखं! एका नव्या जावयाने भाबडेपणाने ‘पाचवी सिम्फनी मला फार आवडते’ म्हटलं, तर सासऱ्यांनी मान खाली घातली. मंडळींचा नियम सरळ आहे. ज्याला कुणी ओळखत नाही, तो थोर. दोघांनी ओळखलं तर बरा. चौघांनी ओळखलं की बाजारू.

या नियमाने सध्या गादीवर कोण बसलंय म्हणाल? हॅवर्गल ब्रायन! इंग्रज गृहस्थ, जन्म १८७६चा. एकूण बत्तीस सिम्फन्या लिहिल्या, त्यातल्या वीसेक तर ऐंशी उलटल्यावर. शेवटची लिहिली तेव्हा वय ब्याण्णव. (हे ऐकल्यापासून आमच्याकडचे सगळे ज्येष्ठ नागरिक भलत्याच उमेदीत आहेत.) त्याची ‘गॉथिक’ सिम्फनी जवळजवळ दोन तास चालते. १९२७ साली लिहून झाली आणि पहिल्यांदा वाजली १९६१ साली! चौतीस वर्षं कागदावर पडून. इतकी माणसं, इतके गायक जमवायचे कुणी? तर या दोन तासांच्या प्रकरणाच्या दोन रेकॉर्डींवरून आमच्याकडे दोन तट पडले आहेत. एक तट ओंद्रेय लेनार्डने १९८९ साली ब्रातिस्लाव्हात केलेल्या रेकॉर्डिंगचा. दुसरा २०११ साली लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये मार्टिन ब्रॅबिन्सने केलेल्या प्रत्यक्ष मैफलीचा. एक म्हणतो, सफाई पाहा. दुसरा म्हणतो, अंगात ताप कुठे आहे? परवा तर एकाने दुसऱ्याला भर चौकात विचारलं, ‘काहून बे, तू ब्रॅबिन्स ऐकली नाही अजून? मग रविवारभर काय ऐकून राहिला?’ पानठेल्यावरच्या पोरांना वाटलं, काकांनी नवीन दवाखाना शोधला.

आता वेरूळची गोष्ट ऐका. ही मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला गेले होते, तर पडद्याआडून थोडं दिसलं. आल्बेर रूसेल नावाचा फ्रेंच संगीतकार. आधी नौदलात अधिकारी होता. लग्न झाल्यावर १९०९ साली बायकोला घेऊन निघाला तो थेट हिंदुस्थानात. लोक हनिमूनला माथेरान गाठतात, याने वेरूळची लेणी गाठली! वर परत जाऊन त्यावर ऑर्केस्ट्रासाठी रचना केली, ‘एव्होकेशन्स’. तीन भाग. पहिला वेरूळचा, दुसरा जयपूरचा, तिसरा काशीचा, त्यात माणसांचे गळेही आहेत. १९११ साली पुरी झाली. तर काका डोळे मिटून बसलेले. एक हात हवेत. वाद्यं खालच्या सुरात हळूहळू हलत होती, आणि काका कुजबुजले, ‘अंधार आहे... आता खांब दिसायला लागले... आता मूर्ती.’

काकू पोह्यांची बशी घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, ‘आपण घृष्णेश्वराला गेलो होतो, तेव्हा लेणी समोर होती. पाय पोळतात म्हणून तुम्ही गाडीतून उतरला नव्हता. आता घरात बसून खांब दिसून राहिले काय?’

काकांनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘हा प्लासाँचा तुलूझवाला ऑर्केस्ट्रा आहे. तोर्तलिएने बीबीसी फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलंय, त्यात मूर्ती जास्त स्वच्छ दिसतात.’ पोहे गार झाले. तर्री जमून वर तवंग आला. संसार असे मोडतात बघा.

पण खरा बोभाटा झाला तो जॉन फोल्ड्सवरून. हाही इंग्रज. त्याच्या ‘थ्री मंत्राज’वर मंडळी अगदी लट्टू. मधल्या मंत्रात बायकांचे आवाज आहेत, पण शब्द एकही नाही. (‘बायका आणि शब्द नाही?’ हे ऐकूनच निम्मी पुरुषमंडळी सभासद झाली, असं म्हणतात.) साकारी ओरामोने बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राकडून ते वाजवून घेतलंय, ती रेकॉर्ड एका घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली मी पाहिली आहे. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग कुणीतरी फोल्ड्सचं चरित्र उकरून काढलं. हा मनुष्य १९३५ साली हिंदुस्थानात आला, दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला, १९३९ साली कलकत्त्यात पटकीने गेला. अरेरे म्हणेपर्यंत पुढची ओळ आली. १९३८ साली त्याने हार्मोनियमविरुद्ध सणसणीत लेख लिहिला होता! पेटीवर मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हे तुणतुणं तेव्हा पुष्कळ जण वाजवत होते. त्यात याचीही भर पडली. पुढे १९४० साली रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१पर्यंत टिकली.

आता अडचण अशी की बैठकीचे जे मुख्य, तेच मंगळवारी भजनी मंडळात पेटी वाजवतात. मंडळातल्या बायकांना हे कळायला किती वेळ लागणार? (मी फक्त एकीलाच सांगितलं होतं.) पुढच्या मंगळवारी ते पेटीचा भाता उघडतात न उघडतात तोच आवाज आला, ‘भाऊ, तुमच्या त्या मंत्रवाल्याला चालते काय आमची पेटी?’ भाऊंनी दोन अभंग खालमानेने वाजवले. तेव्हापासून ते फोल्ड्सबद्दल बोलताना ‘संगीत थोर, पण माणूस...’ असं म्हणून थांबतात.

हा धक्का पचतो न पचतो तोच गेल्या महिन्यात वाल्टर काउफमान आला. मुख्यांनी मोठ्या थाटात जाहीर केलं, ‘हे नाव तुमच्यापैकी कुणीही ऐकलेलं नाही.’ सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. १९०७ साली कार्ल्सबादमध्ये जन्मलेला ज्यू संगीतकार. युरोपात नाझींचे ढग जमले तेव्हा १९३४ साली मुंबईला आला. तिथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे आपल्या झुबिन मेहतांचे वडील. रेडिओच्या मुंबई केंद्रावर बरीच वर्षं काम केलं. युद्ध संपल्यावर कॅनडात जाऊन विनिपेगचा ऑर्केस्ट्रा उभा केला. ‘इंडियन सिम्फनी’ लिहिली, आपल्या रागांवर जाडजूड पुस्तकं लिहिली, १९८४ साली वारला आणि विसरला गेला. आता कुठे त्याच्या रेकॉर्डी निघू लागल्या आहेत. नियमात इतका चपखल बसणारा माणूस आजवर मिळाला नव्हता. दोन रविवार नुसता काउफमान चालला.

तिसऱ्या रविवारी काकूंची नात आली. बारावीची मुलगी, सोफ्यावर लोळून मोबाइल बघत होती. मध्येच म्हणाली, ‘आजोबा, आकाशवाणीची ती सकाळची धून यांनीच केली होती ना?’

दिवाणखान्यात शुकशुकाट. धून तीच! पहाटे केंद्र सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर येतात ती. शिवरंजनीच्या अंगाने जाते म्हणतात, आणि ते व्हायोलिन मेहली मेहतांचं म्हणतात. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीतरी घरांत बंब पेटला तो हिच्या सुरावर. बैठकीतला एकूण एक माणूस तिच्यावर दात घासत मोठा झालेला. म्हणजे ज्याला कुणीच ऐकलेलं नाही म्हणून डोक्यावर घेतलं, त्याला देशातल्या कोट्यवधींनी रोज ऐकलं होतं. चौघांनी ओळखलं की बाजारू, मग कोट्यवधींचं काय करायचं?

वाद पेटला. एका तटाने काउफमानला तिथल्या तिथे वाळीत टाकायचं ठरवलं. दुसऱ्याने कायद्याचा कीस काढला की धून ऐकलेली असली तरी नाव कुणाला ठाऊक होतं? मोजायचं ते नाव जाणणाऱ्यांना, कानांना नव्हे. मुख्यांनी चष्मा पुसत हा मुद्दा मान्य केला. काउफमान वाचला. उलट त्याचा मान वाढला, कारण इतक्यांनी ऐकूनही इतक्या कमी लोकांनी ओळखलेला दुसरा कोण दाखवता?

मी हे सगळं मीठमसाला लावून काकूंना सांगितलं. वाटलं, आता तरी भडकतील, स्पीकर अंगणात फेकतील. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज सहाशे साठ मेगावॉटचे तीन संच उभे आहेत. महाराष्ट्रात बटण दाबलं की दिवा लागतो. तो कोणी लावला, असं एकाने तरी विचारलं काय? यांनी रात्रपाळ्या केल्या, राख खाल्ली, नाव कुठंच नाही. आता परक्या मुलखातले असेच बिननावाचे लोक धुंडून राहिले, तर धुंडू दे बाई.’

मला क्षणभर काही सुचेना. तेवढ्यात काकूंनी निवडलेली मेथी बाजूला सारली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, ‘अहो, तुमच्या त्या ब्रायनला थोडं हळू घ्या! माझी मालिका सुरू झाली.’