मशीन आलं, माणसं कुठायत?

"अहो वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात गेल्या दिवाळीआधी टेम्पोतून ते धूड उतरवलं होतं ना, ते विकायला काढलंय म्हणे."

"कोणतं हो मालूताई? पाकिटं भरायचं मशीन?"

"तेच. वरून चिवडा ओतायचा, खालून सीलबंद पाकिटं मोजून घ्यायची. कर्ज काढून आणलं. पेढेसुद्धा वाटले होते की!"

"आले होते आमच्याकडे. बंगलेवाली मला म्हणाली, 'आता आमचं सगळं ऑटोमॅटिक.'"

"डोंबलाचं ऑटोमॅटिक! दारात आल्यावर कळलं, त्याला थ्री फेज लागतं, वर हवेचा काँप्रेसर. घरात मीटर सिंगल फेजचं. अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज, असं करता करता तुळशीचं लग्न लागलं. धूड ताडपत्रीखाली, आणि सासूबाई नि दोन भाच्या रात्रभर हाताने पाकिटं भरतायत."

"अगं बाई!"

"आणि वीज मिळाली असती तरी काय? ते मापाच्या वाटीने भरणारं. साखर, चहा, डाळीला ठीक. चिवड्यात पोहे हलके, दाणे जड, खोबऱ्याचे काप आडवे बसलेले. एका पाकिटात १८० ग्रॅम, दुसऱ्यात २१५, आणि वर छापलंय २००. वजनमापवाले आले असते तर दिवाळी तिथेच साजरी झाली असती."

"मालूताई, म्हणूनच तुम्हाला गाठायचं होतं. यंदा आमच्या पुतण्याने फराळ ऑनलाइन टाकलाय. आजवर आपलं ओळखीपाळखीत चालायचं, आता नागपूर-नाशिकहून विचारणा येतेय. तुम्ही अंबरनाथला औषध कंपनीत पॅकिंगलाच होता ना?"

"रिटायर होईस्तोवर. बोला, मशीन कुठलं घेतलंत?"

"बँड सीलर. टेबलावरचा. पाकिटाचं तोंड पट्ट्यांत धरलं की सरकत सरकत सील होऊन बाहेर."

"शहाण्या आहात. घरच्या प्लगवर चालतो, पोरीबाळी शिकतात. टेफ्लॉनच्या पट्ट्या जादा घेतल्यात का?"

"दुकानदार म्हणाला, वर्षभर बघायला नको."

"त्याचं वर्ष रोज तासभर मशीन चालवणाऱ्याचं. तुमचं सगळं वर्ष दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत. पट्टी तापून करपते, कडेचे धागे सुटतात, मग सीलला सुरकुती पडते. ती नेमकी धनत्रयोदशीला तुटणार, आणि पार्टवाला दुकान बंद करून गावाला. पट्ट्यांचे दोन जोड, हीटर, फ्यूज, सगळं एका डब्यात घालून मशीनशेजारीच ठेवा. बदलायची कशी ते आत्ता शिका, दोघींनी. एकटीला येत असेल तर तीच त्या दिवशी आजारी पडते."

"आणि सील नीट बसलंय हे ओळखायचं कसं? वरून तर सगळी छानच दिसतात."

"बादलीत पाणी घ्या. पाकीट बुडवा आणि तळव्याने हळूच दाबा. कडेने एवढासा बुडबुडा आला की समजा, चकली सादळणार. दर तासाला एक पाकीट असं बघायचं. आणि लगेच मशीनला शिव्या द्यायच्या नाहीत. बहुतेकदा शेवेचा चुरा नाहीतर तेलकट बोट तोंडाला लागलेलं असतं. म्हणून भरणारी वेगळी, कोरड्या फडक्याने तोंड पुसून सीलरला लावणारी वेगळी. पाऊच बदललं, जाड आलं, तर तापमान पुन्हा लावून बघायचं."

"लिहून घ्यायला हवं हो. खोके मात्र मी आणून ठेवलेत. गॅरेजमध्ये थप्पी लावलीय."

"जमिनीवर?"

"हो."

"आजच उचला. भर श्रावणात पुठ्ठा ओल पितो. दिसायला कोरडा, पण वर चार खोके रचले की खालचा बसकण मारतो. टेपसुद्धा धरत नाही. लाकडी फळ्या टाका खाली, आणि भिंतीपासून हातभर लांब. किती प्लायचे आहेत?"

"थ्री."

"चिवड्याला चालतील. लाडवांच्या जड खोक्याला फाइव्ह प्लाय घ्या. आणि खोकेवाल्याने जुन्या हिशेबाने बारा टक्के नाही ना लावले? २०२५च्या घटस्थापनेपासून खोक्यांवरचा जीएसटी बारावरून पाचवर आलाय, पाकीटबंद नमकीनवरचाही."

"बिल बघते. एकच मोठी साइज घेतलीय मी, सगळ्याला पुरेल अशी. चाळीस बाय तीस बाय पंचवीस सेंटिमीटर."

"झालं! चिवडा किती बसवणार त्यात?"

"तीन किलो. उरलेल्या जागेत कागद कोंबायचा."

"कुरिअरवाला बहुधा पैसे कोंबलेल्या जागेचेच घेणार. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. तुमचा खोका तीस हजार, म्हणजे सहा किलोचं बिल. तीस बाय पंचवीस बाय वीस घेतलात तर तीन किलो. चिवडा तेवढाच, भाडं निम्मं."

"बाई बाई! पुतण्या नफा काढून बसलाय कागदावर."

"त्याला सांगा, नफा खोक्याच्या कोपऱ्यात लपतो. पण खरी गोम पुढे आहे. माणसं किती बोलल्यात?"

"पाच जणी. तिघी वासिंदहून यायच्या लोकलने, दोघी इथल्या. शिवाय खोके बांधायला तो बिहारचा मुलगा."

"वासिंदवाल्यांची शेती आहे?"

"असेल. का?"

"असेल काय? विचारा! हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला निघतं, गरवं दिवाळीच्या आगेमागे. कापणी लागली की घरचं भात टाकून कोण येणार तुमच्या चकल्या भरायला? आणि तो मुलगा धनत्रयोदशीला गाडीत बसलेला असणार. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. त्यांची तिकिटं कधीच काढून झालेली असतात."

"हे कुणी बोललंच नाही मला."

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि भिवंडीची गोदामं विसरलात. २०२५च्या सणासाठी एकट्या अ‍ॅमेझॉनने देशभरात दीड लाखावर हंगामी कामं जाहीर केली होती. माझ्या नणंदेचा मुलगा पडघ्याला गोदामात शिफ्ट सांभाळतो. तो सांगतो, सेल जवळ आला की कंत्राटदार गावोगाव गाड्या पाठवतात. दारातून नेतात, दारात सोडतात. तुमची पोरगी लोकलला लोंबकळत कशाला येईल?"

"मग करायचं काय?"

"आत्ता, श्रावणातच, एकेकीला बसवून विचारायचं, तुझ्या सुट्ट्या कोणत्या? कापणी, माहेरपण, पोरांची परीक्षा, सगळं कॅलेंडरवर तिच्यासमोर लिहायचं. मग दिसेल कुठल्या दिवशी किती हात कमी पडतात. इथल्या चार बायका फक्त अकरा ते तीन बोलवा, पोरं शाळेत असतात तेव्हा. त्या आनंदाने येतील. थोडी उचल हातावर ठेवा, म्हणजे दोन्हीकडून शब्द पक्का. जादा वेळ बसवलंत तर दुप्पट दराने, त्याच दिवशी."

"दुप्पट?"

"कारखान्यात आम्हाला कायद्याने तसाच मिळायचा. कोपऱ्यावरची माणसं का पळाली, ऐकलं नाहीत? आठपर्यंत म्हणून बोलावलं, अकरापर्यंत बसवलं, आणि जाताना हातावर टेकवलं काय, तर फराळाचं पाकीट."

"निदान ते तरी..."

"फुटक्या चकल्यांचं!"

"शी! दुसऱ्या दिवशी कोण येणार मग?"

"कुणी नाही आलं. म्हणून तर सासूबाई. आता अजून एक करा. पितृपक्षात ऑर्डरी मंदावतात, तेव्हा रंगीत तालीम घ्या. पन्नास पार्सलं, अगदी खरी समजून. भरा, सील करा, खोक्यात घाला, टेप लावा, लेबल चिकटवा. मग एक खोका कमरेइतक्या उंचीवरून सोडा आणि उघडून चकल्या मोजा. घड्याळ लावून बघा काम कुठे तुंबतं. सीलरवर बहुधा नाही. तुंबतं ते टेप आणि लेबलापाशी, कारण तिथे एकटीच बसवलेली असते. लेबलांची आगाऊ थप्पी काढायची नाही हं. एक निघालं की एक चिकटलं. नाहीतर नाशिकचे अनारसे नागपूरला."

"आणि ऑर्डरी फारच आल्या तर? पुतण्या म्हणतो, येतील तेवढ्या घेऊ."

"त्याला ६ ऑक्टोबर २०१४ सांगा. फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे. गर्दीपुढे साइट कोलमडली, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागितली. एवढ्या मोठ्यांची ती गत. तालमीत दिवसाला जेवढी पार्सलं निघतील, त्याहून थोड्या कमीच घ्या, आणि ऑर्डर बंद करायची तारीख आधीच लिहून टाका. पाडव्याला पोचलेला फराळ कुणी आनंदाने खात नाही."

"मालूताई, खरं सांगू? तुम्हीच आलात तर चेकिंगला? बादली, फडकं, सगळं तुमच्या हाताखाली."

"विचारलंत एकदाचं! मघापासून या कुंपणाला टेकून कशाची वाट बघतेय मी? दुपारी दोन ते सहा. खुर्ची पाठीची हवी. चहा बिनसाखरेचा. वसुबारसेला मी नाही, लेक येणार आहे. आत्ताच लिहा ते. आणि पैशांचं काय?"

"फराळाचं एक पाकीट..."

"वहिनी!"

"गंमत केली हो! उद्या सकाळी उचल घेऊन येते. कॅलेंडरपण आणते, तुमच्यासमोर लिहायला."